कुबराचाचींचा राखणदार

सोमवारी सकाळी कुबराचाचींनी पडवीतला गेल्या हंगामातल्या नारळांचा ढीग तिसऱ्यांदा मोजला, आणि तिसऱ्यांदाही सात नारळ कमीच भरले. पहिल्या दोन वेळा त्यांनी आपल्या मोजण्यावर संशय घेतला होता. तिसऱ्या वेळी मात्र स्वतःला निर्दोष सोडून दिलं आणि कमरेवर हात ठेवून साऱ्या गावाकडं पाहिलं. गाव बिचारं खाडीच्या काठाला शांत पडलं होतं. तेवढ्यावरूनच चाचींना वाटलं, हे काहीतरी लपवतंय.

संशय हा चाचींचा जुना सोबती. तेलाच्या बाटलीवर त्या रोज रात्री पेनानं खूण करत. मासेवाली आली की आधी माशाचे कल्ले उघडून बघत, मग मासेवालीचा चेहरा. म्हसळ्याच्या बाजारातून आणलेली साखर घरी पुन्हा जोखत. वजन कमी भरलं तर दुकानदारावर संशय, बरोबर भरलं तर घरच्या काट्यावर. चार वर्षांपूर्वी वासिफभाई वारले, दोन्ही मुलगे आखातात, आणि एवढ्या मोठ्या माडापोफळीच्या वाडीत चाची एकट्या उरल्या. तेव्हापासून तर हा सोबती घरात जेवायलाच राहिला होता.

फोन वाजला. थोरला मुलगा अझहर दोह्याहून बोलत होता.

"अम्मी, किती गेले?"

"गेले असं कोण बोललं?"

"तुझा आवाजच बोलतोय. ही दोन महिन्यांतली चौथी खेप हाय. कॅमेरा लावला तरी चालूच! उद्या चोर घरात घुसला तर? बस झालं. मी शुक्रवारी येतोय. पनवेलची पार्टी तयार हाय, वाडी देऊन टाकू. तू तळोज्याच्या फ्लॅटमध्ये राहा. लिफ्ट हाय, सिक्युरिटी हाय."

"आणि त्या सिक्युरिटीवर नजर कोण ठेवणार?"

"अम्मी!"

"बरं, ये," असं म्हणून चाचींनी फोन ठेवला. वाडी विकायला त्यांची सही लागणार होती आणि सही करायला नाही म्हणता आलं असतं. पण या मुलाला 'नाही' म्हणायची सवय त्यांच्या तोंडाला कधी लागलीच नव्हती. तो समोर बसून "अम्मी, माझ्यासाठी" म्हणाला की आपण सही करणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या वाडीत त्या सतराव्या वर्षी नवरी होऊन आल्या होत्या. विहिरीजवळचा वाकडा माड वासिफभाईंनी अझहरच्या जन्माच्या वर्षी लावलेला. तळोज्यात सातव्या मजल्यावर बसून त्या काय मोजणार होत्या? उपाय एकच होता. शुक्रवारच्या आत चोर पकडायचा.

आणि चोर म्हणून पहिलं नाव डोळ्यासमोर आलं ते कोंडाजीचं, कारण तोच तेवढ्यात फाटकातून आत येत होता.

कोंडाजी शेजारचा. साठी उलटली तरी सरसर माडावर चढायचा. त्याचा बापही याच वाडीतले नारळ पाडायचा आणि आजाही. आज या हंगामातली पहिली पाडणी होती. कमरेला कोयता, खांद्यावर दोर आणि हातात कापडी पिशवी. चाचींची नजर त्या पिशवीला चिकटली. पिशवी गोल होती.

"कोंडाजी, पिशवी दाखव."

"आं?"

"पिशवी. उघड."

दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडं कोंडाजीची सून कपडे वाळत घालत होती. तिचा हात तसाच दोरीवर राहिला. कोंडाजीनं सुनेकडं पाहिलं, चाचींकडं पाहिलं आणि पिशवी पालथी केली. तंबाखूची डबी पडली, गमछा पडला आणि पाठोपाठ एक चांगला पाणीदार सोललेला नारळ गडगडत चाचींच्या पायाशी आला.

"हा बघ!" चाची आनंदानं ओरडल्या. चोर सापडल्याचा आनंद एवढा होता की कोंडाजी वाडीत येताना नारळ घेऊन आला होता, जाताना नव्हे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"भाभी, ह्यो माझ्या घरचा नारळ हाय. राखणीचा. पयल्या पाडणीला बांधावरच्या दगडावर फोडायचा."

"फोडायचा आणि घरी न्यायचा! चार वर्षांमागं मी सांगितलं होतं नाय, माझ्याकडनं नारळ मिळणार नाय म्हणून? हे तुम्ही लोकांनी नारळ उकळायला काढलेलं हाय सगळं."

कोंडाजीनं वाकून डबी उचलली, गमछा उचलला, नारळ उचलला. फाटकाशी गेल्यावर मात्र वळला.

"चाळीस वरसं तुमच्या माडावर चढतोय. आजपासून या वाडीतल्या माडाला हात लावीन तर बघा."

तो गेला. माडांवर पिकलेले नारळ तसेच लटकत राहिले. आता ते डोक्यात पडायची भीतीही चाचींच्या खात्यावर जमा झाली.

*

दुपारी बाराच्या ठोक्याला चाची नमाजीआधी हातपाय धुवायला विहिरीकडं गेल्या, तर काठावर एक म्हातारा पाय सोडून बसलेला. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासं, हातात त्याच्याहून उंच काठी. चेहरा रागानं फुगलेला.

"ए! कोण रे तू? माडावरनं उतरलास काय?"

"नारळ कुठं हाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तेच मी तुला विचारतेय! सात नारळ कुठं हायत?"

"सात न्हाय, माझा येक. पयल्या पाडणीचा. आज दगड कोरडा ऱ्हायला. तुमचे खापरपणजे ही वाडी इकत घेऊन हितं आले तवापासनं आसं कधी झालं न्हवतं."

"नाव काय तुझं? आधार कार्ड हाय?"

"मला नाव न्हाय. ठिकाण हाय. ही वाडी. मी हितला राखणदार."

चाचींनी त्याला खालून वर न्याहाळलं. पाय सरळ होते, म्हणजे उलट्या पायांची भानगड नव्हती. मग त्यांचं लक्ष जमिनीकडं गेलं. डिसेंबरच्या उन्हात माडांच्या सावल्या पडल्या होत्या, विहिरीची पडली होती, चाचींचीही पडली होती. या माणसाचीच तेवढी नव्हती. दुसरं कुणी असतं तर किंकाळी फोडून घराकडं पळालं असतं. चाचींचा आवाज फक्त जरा खाली आला.

"सावली कुठं लपवलीस?"

"व्हती कुठं?"

चाचींनी डोक्यावर ओढणी घेतली, डोळे मिटले आणि कुराणातली आयतुल कुर्सी म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. डोळे उघडले तर म्हातारा मुंडासं मांडीवर काढून ठेवून मान खाली घालून बसला होता.

"वासिफभाईबी रोज सांजच्याला हेच म्हनत वाडीत फिरायचे," तो म्हणाला. "लई दिसांनी ऐकलं. बरं वाटलं कानाला."

नवऱ्याचं नाव ऐकून चाचींना गलबलून आलं. पण लगेच वाटलं, हा गोड बोलतोय म्हणजे याला काहीतरी हवंय. याबाबतीत म्हातारा त्यांच्याहून कमी नव्हता. त्यानं काठी फाटकाच्या दिशेनं रोखली.

"आता तुमी सांगा. त्यो कोण? दोन म्हैने खांबावर बसलाय. डोळा मिटत न्हाय, खात न्हाय, बोलत न्हाय. माझ्या जागी ठेवलाय न्हवं?"

"तो? तो कॅमेरा हाय. माझा मुलगा दोह्यात बसून त्यातनं बघतो."

"म्हंजे राखण दोह्यात आन चोरी हितं?"

हा प्रश्न चाचींनाही अधूनमधून पडत असे. कॅमेरा लावताना अझहरला तो पडवीकडं तोंड करून हवा होता. चाचींनी त्याला हो म्हणून बसवणाऱ्याकडून तो परस्पर फिरवून घेतला होता. कॅमेरा बसवायला आलेला माणूस त्याच्या घरी बसून आपल्या पडवीत बघत राहील, हा त्यांचा संशय. म्हणून कॅमेरा फक्त फाटक आणि विहीर बघायचा.

"सकाळी माझा नारळ चुकला, तवा माझी खात्रीच झाली," म्हातारा म्हणाला. "म्हनून त्याच्या तोंडावर घोंगडी टाकलीय."

चाचींनी पाहिलं. कॅमेऱ्यावर खरोखर काळी घोंगडी होती. आणि घरातला फोन वाजू लागला.

"अम्मी! कॅमेरा काळा झालाय! काय हाय त्याच्यावर?"

"घोंगडी."

"कुणाची?"

या प्रश्नाला खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं आणि खोटं सुचलं नाही. अझहरनं त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. "चोर भर दिवसा घोंगडी टाकून गेला आणि तुला पत्ता नाय? शुक्रवार नाय, आम्ही बुधवारीच येतो. पार्टीला पण कळवतो."

चाचींनी बोटांवर दिवस मोजले. चार दिवसांचे दोन झाले होते.

फोन तिकडं सुनेनं घेतला होता. सादिया बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि छत्तिसाव्या वर्षी जपानी कार्टून बघत होती. या दोन गोष्टी एका बाईत कशा, असा चाचींना लग्नापासून संशय होता. आज मात्र त्यांना ते कार्टून आठवलं.

"सादिया, तुझ्या त्या कार्टुनात एक बाई आणि एक भूत असतं ना?"

"अम्मी! तुम्ही पण बघायच्या?"

"तू ते बघायचीस तेव्हा मी तुझ्याकडं बघायचे. ते दोघं पुढं काय करतात?"

"पहिले दहा एपिसोड एकमेकांवर विश्वासच ठेवत नाहीत. भांडतात नुसते. मग अटी ठरवतात, त्याने हे करायचं, तिने ते करायचं, आणि पार्टनर होतात."

"दहा एपिसोड म्हणजे किती दिवस?"

"आठवड्याला एक."

"एवढा वेळ नाय माझ्याकडं," म्हणत चाचींनी फोन ठेवला.

*

अटी विहिरीच्या काठावरच ठरल्या. म्हणजे ठरायला बसल्या आणि अडकल्या.

"तू चोर दाखव. मी नारळ देते," चाची म्हणाल्या.

"आधी नारळ. मंग चोर."

"आणि नारळ खाऊन पळालास तर?"

"वाडी सोडून जाऊ कुठं? तळोज्याला?"

चाचींनी दचकून त्याच्याकडं पाहिलं. हा फोनही ऐकतो, हे त्यांनी मनात टिपून ठेवलं.

"बरं. आत्ता आणते नारळ."

"तसा न्हाय चालत. तुमच्या खापरपणजांनी ही वाडी कोंडाजीच्या खापरपणज्याकडनं घेतली, तवा बोली झाली व्हती. वाडी तुमची, राखण त्यांच्या हातची. नारळ मालकाच्या घरचा, फोडणार कोंडाजीच्या घरचा. मी त्या बोलीनं बांधलाय."

म्हणजे ज्याच्यावर चोरीचा आळ घेतला त्याच्याच दारात जायचं. चाचींनी ठाम नकार दिला. राखणदारानंही ठाम नकार दिला. शेवटी तडजोड एवढीच झाली, की मंगळवारी दिवसभर दोघांनी मिळून पहारा द्यायचा.

तो पहारा बघण्यासारखा होता. राखणदार विहिरीवर बसला, चाची पडवीत बसल्या. राखणदार चोरावर नजर ठेवतोय की नाही यावर चाचींनी नजर ठेवली. चाची आपल्यावर नजर का ठेवतात यावर राखणदारानं नजर ठेवली. सकाळपासून दुपारपर्यंत दोघांनी एकमेकांना क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नाही. चाची मध्ये एकदा चहा टाकायला आत जाऊन आल्या, तेवढंच. अशा कडेकोट बंदोबस्तात तीन वाजता ढीग मोजला, तर आणखी तीन नारळ गायब.

"तू इथंच होतास!" चाची कडाडल्या.

"व्हतो."

"मग बघितलंस?"

"बघितलं."

"कोण?"

राखणदारानं त्यांच्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नारळ," तो एवढंच म्हणाला.

अझहरचं विमान रात्री सुटणार होतं. चाचींनी ढिगातला सगळ्यांत मोठा नारळ निवडला, मग वाटलं एवढा मोठा कशाला, म्हणून दुसरा घेतला, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा पहिला घेतला, आणि ओढणीखाली धरून कोंडाजीचं घर गाठलं.

कोंडाजी ओटीवर दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"हा घे," चाची म्हणाल्या. "माझ्या घरचा. राखणीचा."

"हातात धरून येऊ का पिशवीत घालून? पिशवीत घातला तर पुन्ना कोनी तपासायचं."

माफी मागायची चाचींना सवय नव्हती. शेवटी शब्द कसेबसे बाहेर आले. "चुकले मी, कोंडाजी. तुझ्या सुनेसमोर तसं करायला नको होतं."

दोर वळणारे हात थांबले.

"भाईंनी मला आधीच सांगितलं व्हतं," कोंडाजी म्हणाला. "जायच्या आधी आठ दिवस. म्हनले, कोंडाजी, माझ्या मागं ती नारळ देणार न्हाय. तिला वाटंल तू लुबाडतोस. तू रागावू नको. तुझ्या घरचा घे, पन तिच्या नावानं फोड. वाडी राखायला पायजे, ती एकटी हाय."

"म्हणजे चार वर्षं तू आपल्या घरचा..."

"व्हय. तवापासनं दरसाल एक."

चाचींच्या डोळ्यांना धार लागली. गेलेल्या नवऱ्यानं आपल्याला एवढं नेमकं ओळखलं होतं याचं हसूही येत होतं आणि रडूही. घरी गेल्यावर त्यांनी त्या रात्री तेलाच्या बाटलीवर खूण केली नाही.

*

बुधवारी सकाळी कोंडाजीनं बांधावरच्या दगडावर पाणी शिंपडलं, हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, कुबराभाभींच्या वाडीची राखण कर. माणसाची, झाडाची, फळाची." नारळ एका घावात दुभंगला. दगडाशेजारी उकिडवा बसलेला राखणदार समाधानानं डुलला. तो कोंडाजीला दिसत नव्हता.

"आता बोल," चाची म्हणाल्या.

"काय बोलू भाभी?" कोंडाजीनं विचारलं.

"तुला नाय. फोनवर बोलतेय."

कोंडाजीनं त्यांच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं आणि दोर घेऊन माडाकडं गेला. राखणदार उठला आणि काठी टेकत घराकडं चालू लागला. चाची मागोमाग. तो थेट न्हाणीघरात शिरला. तिथं अझहरनं पाठवलेलं कपडे धुवायचं यंत्र होतं. ते आपल्या साड्या फाडणार या संशयानं चाचींनी ते कधी चालवलं नव्हतं. राखणदारानं काठीनं झाकण दाखवलं. चाचींनी ते उघडलं. आत नऊ नारळ होते.

"या अल्ला! इथं कोणी ठेवले?"

तो पुढं गेला. तांदळाच्या कणगीत सहा. पलंगाखालच्या ट्रंकेत, वासिफभाईंच्या शेरवानीत गुंडाळून, पाच. गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत आठ, त्यातल्या दोन नारळांना कोंब आलेले. पेंढ्याच्या ढिगात चार. चुलीमागच्या मडक्यात कालचे तीन. सगळे मिळून जेवढे चोरीला गेले होते त्याहून दोन जास्तच निघाले.

"कोणी ठेवले?" चाचींनी पुन्हा विचारलं. पण आवाज आता बारीक झाला होता.

"तुमीच, मालकीणबाय. चोराला दिसू नयेत म्हनून. काल चहा टाकाय गेला, तवा ओढणीखाली तीन व्हते."

ओढणीखाली धरलेल्या नारळाचा गारवा चाचींना एकदम आठवला. कालचा की परवाचा ते मात्र आठवेना. त्या मडक्याशेजारी जमिनीवरच बसल्या. चोर बाहेरचा असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"मग आधी का नाय सांगितलंस?"

"बाहेरच्याला अडवायचं माझं काम. मालकिणीला कसा अडवू? आन मला वाटलं, तुमी मला पारखताय. मी सांगतो का चोरतो ते बघताय."

"अझहरला हे कळलं तर संपलंच," चाची म्हणाल्या. "चोर असता तर त्यानं वाडी विकली असती. म्हातारी विसरते म्हटल्यावर तो मला इथं एक दिवस ठेवणार नाय. मला भीती वाटतेय रे बाबा."

राखणदारानं काठीवर हनुवटी टेकवली. शंभर वर्षांत कुणा मालकानं त्याला असं काही सांगितलं नसावं.

"आसं करू," तो म्हणाला. "तुमी ठेवा. ध्यानात मी ठेवतो."

"आणि मी लपवताना मला अडवायचं नाय."

"न्हाय."

"आणि कॅमेऱ्यावरची घोंगडी काढ."

"त्यो माझा नारळ खानार न्हाय न्हवं?"

"नाय."

करार झाला.

*

बारा वाजता भाड्याची गाडी फाटकाशी थांबली. अझहर उतरला तो कॅमेऱ्याकडं बघतच. तो आईचाच मुलगा होता.

"घोंगडी कुठं गेली?"

"उडाली."

"एवढी जड? वाऱ्यानं?"

त्यानं फाटक हलवून पाहिलं, कडी ओढून पाहिली, माडावरच्या कोंडाजीला खालून दोनदा हाक मारून पाहिलं. तेवढ्यात सादिया प्रवासाचे कपडे धुवायला टाकावेत म्हणून न्हाणीघरात गेली आणि तिथूनच ओरडली. "अम्मी! मशीनमध्ये नारळ आहेत!"

अझहर आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. रागावला असता तर चाचींना चाललं असतं. पण तो आईशेजारी बसला आणि अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं बोलला.

"अम्मी, हे तू ठेवलेस? तुला आठवत नाय ना?"

चाचींनी समोरच्या झोपाळ्याकडं पाहिलं. झोपाळा रिकामा दिसत होता, निदान अझहरला तरी.

"मशीनमध्ये नऊ," चाची म्हणाल्या. "कणगीत सहा. ट्रंकेत पाच, तुझ्या अब्बांच्या शेरवानीत. टाकीत आठ, दोन नारळांना कोंब हायत. पेंढ्यात चार. चुलीमागं तीन. चोरांचा सुळसुळाट, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेत. बँकेत नाय का, सगळं एका तिजोरीत ठेवत नायत? विचार तुझ्या बायकोला."

अझहरनं एकेक जागा उघडून पाहिली. आकडे तंतोतंत. त्याचा संशय मात्र जागचा हलला नाही.

"पाठ केलं असशील. आठव्या वर्षी माझी चांदीची साखळी हरवली, ती कुठं गेली?"

चाचींनी पुन्हा झोपाळ्याकडं पाहिलं, थोडा वेळ ऐकलं. "हरवली नाय. तू बोरांसाठी शाळेमागच्या बाईला दिलीस. मग वाकड्या माडाच्या बुडात बसून सगळं बडबडत रडलास."

अझहरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती.

"आणि गाडीची चावी तुझ्या हातात नाय," चाची रंगात येऊन म्हणाल्या. "फाटक हलवताना गडग्यावर ठेवलीस."

चावी गडग्यावरच होती. ती घेऊन परत येताना अझहर पहिल्यांदा हसला. "अम्मी, तुझं डोकं माझ्याहून चांगलं चालतंय! मी उगाच घाबरलो." आणि त्याच उत्साहात म्हणाला, "मग एवढं सांग. पार्टी चारला येतेय. त्यांना वाडीचं जुनं, खापरपणजांच्या वेळचं मूळ खरेदीखत बघायचंय, त्याशिवाय ते पुढं बोलणार नायत. अब्बा गेले तेव्हा तू कुठंतरी नीट ठेवलंस ना? ते कुठं हाय?"

चाचींनी आठवायचा मनापासून प्रयत्न केला. चार वर्षांपूर्वी, त्या रडारडीच्या दिवसांत, ते पिवळं पडलेलं कागदाचं पुडकं हातात घेतल्याचं आठवत होतं. पुढं सगळं धुकं. त्यांनी झोपाळ्याकडं पाहिलं. राखणदार मजेत झोका घेत आढ्याकडं बघत होता. चाचींनी डोळे मोठे केले. त्यानं त्यांच्याकडं बघून सावकाश मान हलवली, नाही म्हणून, आणि पुन्हा आढ्याचे वासे निरखू लागला.

"ते तेवढं आठवत नाय, बाबा," चाची म्हणाल्या. त्या अक्षरशः खरं बोलत होत्या.

अझहरनं तीन दिवस घर पालथं घातलं. पुडकं सापडलं नाही. पार्टी एकदा येऊन परत गेली, दुसऱ्यांदा आलीच नाही. नक्कल काढायला पुढच्या सुट्टीत बघू, असं म्हणत शेवटी अझहरनं कोंडाजीला बोलावून "काका, अम्मीकडं लक्ष ठेवा" असं सांगितलं. कोंडाजी म्हणाला, "ते तर चालूच हाय."

निघताना सादियानं सासूला मिठी मारली. तीन दिवस तिनं सासूला रिकाम्या झोपाळ्याकडं बघताना पाहिलं होतं. कानाशी लागून तिनं हळूच विचारलं, "अम्मी, कितवा एपिसोड चालू आहे?"

चाचींनी तिला आयुष्यात पहिल्यांदा संशयाशिवाय पाहिलं. "अकरावा," त्या म्हणाल्या.

गाडी म्हसळ्याच्या रस्त्याला लागली. चाची विहिरीवर गेल्या. राखणदार आपल्या जागेवर पाय सोडून बसला होता. चाची त्याच्या शेजारी बसल्या, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"खरं सांग. तुला ठाऊक हाय ना ते कागद कुठं हायत?"

"ठाऊक हाय," राखणदार म्हणाला. "तुमीच ठेवलेत. सांगू?"

चाचींनी तोंड उघडलं. मग वाकड्या माडाकडं पाहिलं, पडवीतल्या ढिगाकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

"नको," त्या म्हणाल्या. "सांगितलंस तर मी पुन्हा दुसरीकडं लपवीन."

मग त्या उठल्या आणि ढीग मोजायला पडवीत गेल्या.